म्हशीचं पद

आमच्या धारवाडच्या घरात माणसांशी मराठीत बोलत आणि म्हशीशी कानडीत. असा नियम कुणी केलेला नव्हता. पण टांगेवाला, कचेरीतला शिरस्तेदार, देवळातला पुजारी आणि म्हैस ही सगळी कानडी बोलणारी मंडळी, असं घरात धरलेलंच होतं. मांजराला दोन्ही भाषा कळत आणि ते दोन्ही भाषांतलं काहीएक ऐकत नसे. शेजारच्या वकिलांचा कुत्रा तेवढा इंग्रजीत. वकील त्याला इंग्रजीत बस म्हणायचे आणि तो त्यांच्या तोंडाकडे बघत उभा राहायचा.

मी सातारची. लग्न होऊन आले तेव्हा मला कानडीतला एकच शब्द येत होता, ‘साकु’, म्हणजे पुरे. धारवाडकडचे वाढपी हात आडवा केला तरी ऐकत नाहीत, म्हणून आमच्या ह्यांनी तो मला लग्नाच्या पंगतीतच शिकवला होता. एवढ्या भांडवलावर मी सासरी आले. हे शाळेत इतिहास शिकवायचे. सासरे कचेरीत कारकून, सकाळी जायचे ते दिवेलागणीला यायचे. घर चालायचं ते सासूबाईंच्या शब्दावर. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणायची, म्हणून मीही अक्काच म्हणायला लागले.

मला दोन वाईट सवयी होत्या. एक म्हणजे गाणं. माहेरी फोनो होता, नाटकातल्या पदांच्या तबकड्या होत्या आणि त्या झिजेपर्यंत मी ऐकलेल्या होत्या. दुसरी सवय त्याहून वाईट, मनातल्या मनात पदं रचायची. पहिलीचा आवाज होतो, दुसरीचा होत नाही, त्यामुळे घरात आधी पहिलीच सापडली. आल्यानंतर थोड्याच दिवसांत मी चुलीपाशी गुणगुणत होते. अक्का म्हणाल्या, “सैपाकघरात गाऊ नको गे. मीठ घातलं की नाही ते विसरशील.”

मी म्हटलं, “नाही विसरणार.” आणि त्या दिवशीची आमटी अळणी झाली.

मग कळलं, की घरातल्या प्रत्येक जागेला न गाण्याचं एकेक वेगळं आणि बिनतोड कारण आहे. सोप्यात सासरे वर्तमानपत्र वाचतात. देवघरात आरती सोडून दुसरं काही म्हणू नये. गच्चीवरून वकिलांच्या कुत्र्याला ऐकू जातं आणि तो साथ धरतो. अक्का कधी रागावून बोलल्या नाहीत, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती. मी गप्प राहायला शिकले आणि मला ते मुळीच आवडलं नाही. गाण्यावाचून माणूस मरत नाही हे खरं, पण चेहरा सुजल्यासारखा होतो. निदान माझा झाला होता.

श्रावणात अक्का विहिरीपाशी शेवाळावरून घसरल्या आणि त्यांचं मनगट मुरगळलं. वैद्यांनी लेप लावून हात गळ्यात बांधला. आता म्हशीची धार कोण काढणार? ह्यांना इतिहासातली घोडदळं तोंडपाठ होती, पण म्हशीच्या जवळ जायला ते घाबरायचे. सासरे कचेरीत. राहिले मी.

म्हैस उणकलहून आणलेली. अंगानं भली दांडगी, एक शिंग वाकडं, आणि बघणं असं, की आपणच तिच्याकडे नोकरीला आलोय की काय असं वाटावं. मी कास धुतली, चरवी घेतली आणि अदबीनं म्हटलं, “अगं, उभी राहा हं नीट.” म्हैस वैरण चघळत दुसरीकडे बघत राहिली. पारडू लावून काढलं, पेंड घातली, पाठीवरून हात फिरवला. पान्हा म्हणून नाही.

अक्का गोठ्याच्या दाराशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसल्या होत्या, एका हातानं. म्हणाल्या, “मराठीत काय सांगालीस तिला? ‘सुम्न निंदर’ म्हण. गप उभी राहा म्हणून.”

मी म्हटलं. माझं कानडी ऐकून म्हशीनं पाय उचलला आणि चरवी भिंतीवर जाऊन आदळली.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आले. रडायचं नाही म्हणून मी गुणगुणायला लागले. माहेरच्या तबकडीवरचं, संथ चालीचं, नायिका एकटीच बागेत बसून म्हणते तसलं पद. अस्ताई संपायच्या आत म्हशीनं कान खाली पाडले, एक मोठा श्वास सोडला आणि पान्हा घातला. चरवीत धारेचा आवाज असा लागला, की माझा आवाजही नकळत मोठा झाला. अंतरा मी मोकळ्या गळ्यानं म्हटला. आपण कुठे आहोत हे ध्यानात आलं तेव्हा चरवीवर फेस आलेला होता आणि अक्का सूप हातात तसंच धरून बसल्या होत्या.

मी जीभ चावली. अक्कांनी दारातूनच चरवीतला फेस पाहिला. मग म्हणाल्या, “गोठ्यात गायला हरकत नाही. दूध हवंय की घरात.”

मला परवाना मिळाला. सबंध घरात गाण्याला बंदी नसलेली एकच जागा उरली होती, शेणाच्या वासाची, माशांची, आणि ती माझी झाली. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मी धार इतकी सावकाश काढायला लागले, की ह्यांना शाळेला जायच्या आधीचा चहा रोज उशिरा मिळायचा. ते कुरकुरले तर अक्का म्हणायच्या, “म्हस घाई केलेली खपवून घेत नाही.” अक्का मात्र रोज धारेच्या वेळेला तांदूळ नाहीतर डाळ निवडायला गोठ्याच्या दाराशी यायच्या. मी समजायचे, माझ्यावर नजर ठेवायला येतात. त्या वर्षी आमच्या घरात भातात एक खडा सापडला नाही.

म्हशीची आवड मला हळूहळू कळली. संथ चाल चालते, द्रुत चालत नाही. तान घेतली की शेपूट तोंडावर येतं. करुण पदाला दूध जास्त, शृंगाराला बेताचं. वीररसाचं एक पद मी एकदाच म्हटलं, तेव्हा तिनं मला खुंट्यापर्यंत ढकललं. पुढे माझ्या लिहिण्यावर पुष्कळांनी मतं दिली, पण इतकं स्पष्ट मत कुणी दिलं नाही.

थंडी सुरू झाली आणि दूध कमी व्हायला लागलं. रोज थोडं थोडं. मी तीच तीच पदं म्हणत होते, आणि माझी खात्री पटली की म्हैस कंटाळली आहे. मी स्वतः कंटाळले होते, मग तिनं का कंटाळू नये? हे मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी डोळे बारीक केले आणि जेवताना गंभीर चेहऱ्यानं विषय काढला.

“अक्का, म्हशीला नवी पदं पाहिजेत म्हणे. हुबळीत मराठी टॉकी लागलीय. गाणी पुष्कळ आहेत म्हणतात.”

मी ताटात मान घातली. सासऱ्यांनी मान वर केली. सुनेनं म्हशीसाठी टॉकी बघायला जाणं हे कचेरीच्या कुठल्याही नियमात बसत नव्हतं. अक्कांनी भाताला तूप वाढलं आणि म्हणाल्या, “दुपारच्या खेळाला जाऊन या जावा. नीट ध्यानात ठेवून ये गे. अर्धी अर्धी पदं आणू नको.”

हुबळीच्या त्या थेटराला पत्र्याचं छप्पर होतं. बायकांची जागा पडदा लावून वेगळी केलेली. पडद्यावर राजकन्या गायला लागली की पुढच्या बाकांवरून शिट्या यायच्या आणि शब्द बुडायचे. मी आधीच ह्यांना बजावून ठेवलं होतं, की तुम्ही शब्द धरा, मी चाल धरते. परतीच्या गाडीत आम्ही ताळा घ्यायला बसलो. ह्यांना राजा कुठल्या घराण्यातला असावा, त्याच्या कमरेची तलवार त्या काळात कशी नव्हतीच, हे सगळं ध्यानात होतं. पदातला एक शब्द ध्यानात नव्हता. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी आमचं भांडण ऐकलं आणि कानडीत विचारलं, की गाणं कुणाला शिकवायचंय? हे म्हणाले, म्हशीला. बाई जागा बदलून दुसरीकडे बसल्या.

तरी माझ्या कानावर पडलेल्या शब्दांवर तीन पदं हाती लागली. मी ती म्हटली. अक्कांनी मूग निवडले. म्हशीनं ऐकली. दूध मात्र आणखी कमी झालं.

त्याच दिवसांत आम्ही एकदा केळगेरीच्या तळ्यावर फिरायला गेलो. संध्याकाळची वेळ, पाणी अगदी स्वस्थ, काठाशी कुणाच्या तरी म्हशी नाकापर्यंत बुडून बसलेल्या. वर ढगांची रांग आणि पाण्यात तशाच काळ्या पाठींची रांग. मला एकदम ओळ सुचली. टॉकीतल्या पदांतल्यासारखी उसनी नाही, माझी स्वतःची. घरी येईपर्यंत अख्खं पद तयार झालं. ‘मेघश्यामले’ अशी सुरुवात होती. तळं होतं, कमळ होतं, चांदणं होतं, आणि शेवटी ‘दुग्धधारा वर्षु दे’ अशी विनवणी होती. मला ते फार आवडलं. खरं सांगायचं तर जगातल्या कुठल्याही पदाहून जास्त आवडलं. ते कुणाला तरी आवडावं असं इतकं वाटत होतं, की रात्रभर झोप नीट लागली नाही.

सकाळी गोठ्यात म्हटलं. म्हशीनं अंगावरची माशी उडवली. दाराशी अक्कांचे हात थांबले.

“हे कुठलं गे पद?”

“टॉकीतलं,” मी म्हटलं.

“हां.” अक्कांनी एक खडा लांब फेकला. “बरं नाही. नुसतं ढग आणि चांदणं. म्हशीला चांदणं घेऊन काय करायचंय?”

मला राग आला, आणि रागाखाली दुःख होतं. पद माझं आहे हे सांगता येत नव्हतं, आणि त्याची बाजूही घेता येत नव्हती. मी हट्टानं आठवडाभर तेच म्हटलं. आठवड्याअखेर म्हैस पुरती आटली.

कवितेवर टीका पुष्कळांच्या वाट्याला येते. पण मोठ्यानं म्हटलेल्या माझ्या पहिल्याच पदानं एक दुभती म्हैस आटली, असं त्या वेळी मला मनापासून वाटलं. मी ठरवून टाकलं, पुन्हा पद रचायचं नाही. शेजारच्या वकीलबाईंना मी हे पडलेल्या चेहऱ्यानं सांगितलं, तेव्हा त्या कंबरेवर हात ठेवून हसल्या. “गाभण म्हस आटणार नाही तर काय? थंडी लागल्यापासून दूध कमी व्हायलाच पाहिजे की. अक्कांनी नाही सांगितलं तुला?”

अक्कांनी नाही सांगितलं. त्यांचा जन्म गोठ्यात राबण्यात गेलेला, त्यांना हे ठाऊक नव्हतं असं होणार नाही. मग त्यांनी आम्हाला हुबळीला का पाठवलं असेल? एवढा सरळ प्रश्न माझ्या डोक्यात त्या वेळी आला नाही. मी माझ्या पदाचं दुःख करण्यात गुंतलेली होते.

त्यानंतर मलाही दिवस गेले. म्हैस आणि मी, दोघींची देखभाल अक्का एकाच दमात करायच्या. “तिला सरकी भिजवली का? तू खारीक खाल्लीस का? दोघी पाय जपून टाका.” उन्हाळ्यात म्हैस व्यायली, पारडी झाली. अक्कांचं मनगट केव्हाच बरं झालं होतं, त्यांनी कानडीतून हुकूम दिला आणि धारेला बसल्या. म्हशीनं त्यांच्याकडे वळून पाहिलं आणि वैरणीत तोंड घातलं. पान्हा नाही. मी दारातून पद सुरू केलं, तेव्हा कुठे धार लागली.

“तू बिघडवलीस हिला,” अक्का म्हणाल्या.

पुन्हा माझी पदं सुरू झाली, पण जुनीच. ‘मेघश्यामले’ मी तोंडातून काढलं नाही. सातव्या महिन्यात माहेरी जायची वेळ आली, तेव्हा अक्का म्हणाल्या, “तू गेल्यावर ही दूध द्यायची नाही. अळणावरकडं बहिणीचं शेत आहे, तिकडं पाठवून देतो हिला. गोठ्यात लाकडं भरून ठेवू. पावसाळ्यात जागा पुरत नाही.”

हे त्या सहज बोलून गेल्या. म्हैस गेली की गोठा गेला, आणि गोठा गेला की मी उरलेला जन्म त्या घरात मीठ न विसरता काढणार. मी म्हटलं, “अक्का, थोडे दिवस बघा तरी.” त्या म्हणाल्या, “बघू.” अक्कांच्या ‘बघू’चा अर्थ पुष्कळदा ‘नाही’ असायचा. जाताना मी गोठ्यात गेले, म्हशीच्या वाकड्या शिंगाला हात लावला, आणि कुणी नव्हतं म्हणून रडून घेतलं. तिनं माझा पदर चघळला.

साताऱ्याला मला कुणी गायला अडवणार नव्हतं. फोनो तिथंच होता. पण स्वैपाकघरात, माडीवर, कुठेही गायला लागले की दोन ओळींत गाणं संपायचं. धारेचा आवाज नसला की मला ताल सापडेना. आई म्हणाली, सासरी गाणं विसरलीस वाटतं. मी तिला काय सांगणार? आपली मुलगी शेणाच्या वासाला आसुसलीय हे कुठल्या आईला ऐकवेल?

मुलगी झाली. ती चार महिन्यांची झाल्यावर हे आम्हाला न्यायला आले. म्हशीचं मी विचारलं नाही. आहे म्हणाले तर ठीक, पण नाही म्हणाले तर सबंध प्रवास त्या उत्तराबरोबर काढावा लागेल, म्हणून विचारलं नाही. त्यांनीही आपण होऊन सांगितलं नाही, ते लेकीकडे बघण्यात गर्क होते.

आम्ही संध्याकाळच्या गाडीनं येऊ असं घरी वाटत होतं, आणि आलो सकाळी. टांगा दाराशी थांबला तेव्हा सोप्यात कुणी नव्हतं. हे ट्रंका उतरवत राहिले. मी मुलीला घेऊन बोळातून थेट मागे गेले, गोठ्यात लाकडं आहेत का ते बघायला.

गोठ्यातून गाणं येत होतं.

आवाज जाडसर, थोडा फाटका, पण सुरात पक्का. मी भिंतीशी थांबले. चाल ओळखीची वाटली, मग नीट ऐकली. चाल माझी होती, ‘मेघश्यामले’ची. शब्द मात्र कानडी होते, आणि तोवर मला कानडी कळायला लागलं होतं.

‘हाल कोड नन्न तंगी, सोसि तवरिगि होग्याळ.’ दूध दे माझ्या धाकट्या बहिणी, सून माहेरी गेलीय.

माझं तळं त्यात नव्हतं. कमळ नव्हतं, चांदणं तर नव्हतंच. पुढे होतं ते असं, की कडबा ओला झालाय, माशा वाढल्यात, मांजर दिवसभर तिच्या पाटावर निजतं. घरात कुणी गात नाही, आमटीत मीठ बरोबर पडतं आणि आमटी गोड लागत नाही. तू तिची वाट बघतेस, मीही बघते, तर दोघी मिळून बघू. चरवीत धार वाजत होती. ताल बरोबर तिथंच पडत होता, जिथं मी रचताना कल्पनेत ऐकला होता. शेवटच्या ओळीला मात्र शब्द नव्हते, नुसती चाल हुंकारात गायली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

पद माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं. मला ते लगेच कळलं, आणि आनंद झाला तेवढाच हेवाही वाटला.

मुलीनं कुरकुर केली. अक्का वळल्या. गाणं थांबलं, धार थांबली नाही. त्यांनी आधी मुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“तुझं पद बरं नव्हतं,” त्या म्हणाल्या. “थोडं दुरुस्त केलं.”

“ते टॉकीतलं होतं,” मी म्हटलं. सवय.

“टॉकीतली राजकन्या धार काढती का गे?” अक्का पुन्हा धारेकडे वळल्या. “दूधबिध घालून पद कोण लिहील? ते काय मला त्याच दिवशी कळलं होतं.”

मी मुलीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. विचारलं, “मग शेवटच्या ओळीला शब्द का नाहीत?”

“तिथं तू आलीस म्हणून घालायचं होतं. तू आली नव्हतीस, मग कसं घालायचं? खोटं गायलं तर ही दूध देत नाही.”

अक्कांनी माझ्याकडे बघितलं नाही. म्हशीच्या कुशीला डोकं टेकून त्यांनी पद पहिल्यापासून घेतलं, कडबा, माशा, मांजर, मीठ, सगळं सावकाश, आणि शेवटच्या ओळीशी आल्यावर म्हटलं, ‘सोसि बंदाळ.’ सून आलीय. चाल तिथं थोडी लांबली. म्हशीनं कान खाली पाडले.

मग चरवी बाजूला ठेवून त्या उठल्या आणि हात पुसत म्हणाल्या, “लेकराला मागच्या दारानं आणलीस होय गे? जा, पुढच्या दाराला जाऊन उभी राहा. भाकर-तुकडा ओवाळायचाय.”